बांधाच्या अलीकडं वळणारी जीप

मी इंजिनाला हात लावत नसे. आळेफाट्याला इंजिनवाले मिस्त्री तेव्हाही ढिगानं होते आणि त्यांचा रुबाब मोठा होता. बंद पडलेली गाडी दोरीनं ओढत आणणारा माणूस त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहायचा. माझ्याकडं चालू गाडीवाले यायचे. गाडी पळते, थांबते, चढते, पण मनासारखी वळत नाही, अशी ज्यांची तक्रार असे ते माझे गिऱ्हाईक. पुढचा एक्सल, स्टिअरिंग, स्प्रिंगचे पाटे आणि दोन चाकं एवढंच माझं राज्य होतं. त्यातही फोर व्हीलच्या जुन्या जीपा हा माझा खास विषय. लष्करानं मोडीत काढलेल्या या जीपा लोक लिलावात घेऊन यायचे. कुणाला ओल्या रानातून टोमॅटोचे क्रेट बाहेर काढायचे असत, कुणाला डोंगरातल्या वाडीवर माणसं पोचवायची असत, आणि काहींना बाजारच्या दिवशी बेल्ह्यात नुसतं मिरवायचं असे.

या जीपला चिखल, दगड, ओढा कशाचं काही वाटायचं नाही. तिची खोड एकच. वळायला तिला जागा फार लागायची. ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टिअरिंग एका बाजूला पार शेवटपर्यंत फिरवा आणि गाडी तशीच गोल चालवत राहा. बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक जमिनीवर जे वर्तुळ काढेल, ते त्या गाडीचं वळण. रिक्षाचं वळण घरासमोरच्या अंगणात मावतं. आमच्या जीपचं वळण एखाद्या मोठ्या विहिरीला बाहेरून वळसा घालून यायचं. साध्या गाडीच्या पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम असतं, पण फोर व्हीलच्या पुढच्या चाकांना वळता वळता गाडी ओढायचीही असते. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा एक सांधा असतो, त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. तो काही हद्दीपर्यंतच वाकतो. म्हणून चाकाच्या मागं कंपनीच एक बोल्ट बसवून ठेवते. चाक वळत आलं की या बोल्टला टेकतं आणि थांबतं. त्याचं नाव स्टॉप बोल्ट.

हा बोल्ट म्हणजे कंपनीचा कंजूषपणा आहे असं बऱ्याच लोकांचं ठाम मत होतं. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करणाऱ्या एका शहाण्यानं तो काढूनच टाकला. मग त्यानं भर बाजारात, बैलांच्या दावणीपुढं, लोकांना जीप गोल फिरवून दाखवली. पहिला फेरा छान झाला. दुसऱ्याला लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या फेऱ्याला क्रॉस असा काही मोठा आवाज करून तुटला की अख्ख्या दावणीनं खुंट्या उपटल्या. दुपारभर बेल्हेकर बैल गोळा करत होते आणि हा माणूस जीपखाली लपून बसला होता. मी गेलो तेव्हा तो आतूनच म्हणाला, "मिस्त्री, लोकं ग्येली का बघा जरा."

दुसरा एक आंबेगावच्या डोंगराकडचा वडापवाला. त्याची जीप डावीकडं झकास वळायची आणि उजवीकडं जेमतेम. घाटातल्या प्रत्येक उजव्या वळणाला तो सगळे पॅसेंजर उतरवायचा, पुढं-मागं करत गाडी वळवायचा आणि परत सगळ्यांना भरायचा. असं त्यानं किती महिने केलं देव जाणे. मी पाहिलं तर कुठल्या तरी गॅरेजात स्टिअरिंगचा जोर चाकांकडं नेणारा दांडा, ड्रॉप आर्म, एक दात चुकवून बसवला होता. काम चहा पिण्याएवढ्या वेळाचं होतं. जाताना तो जरा नाराज दिसला. मी विचारलं, तर म्हणाला, "न्हाई, ब्येस झालं. पर लोकं उतरून पाय मोकळं करायची, गप्पा हाणायची. आता नुसती बसून ऱ्हात्याल." मी त्याला हसलो. लोकांना गाडीची सवय होते तशी तिच्या खोडीचीही होते, हे कळायला मला पुढं बोरीला जावं लागलं.

बोरी बुद्रुकचे सदूनाना माझ्या गॅरेजात पहिल्यांदा आले ते गाडी न आणता. त्यांच्या खांद्यावर चऱ्हाट होतं. ते त्यांनी माझ्यापुढं जमिनीवर लांब पसरलं, एका गाठीवर पाय ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, एवढ्यात वळवून द्या."

"काय?"

"जीप."

"नाना, एवढ्यात बैलगाडी वळत नाही."

"बैलगाडीला स्टिअरिंग कुटं असतंय?" सदूनाना म्हणाले. त्यांना वाटलं, त्यांनी मला अडचणीत पकडलं.

मग चहा आला आणि हकीकत कळली. नानांची द्राक्षाची बाग होती. बाग लावताना ओळींच्या टोकाला गाडी वळवायला जागा सोडतात. पण आमच्या भागातला माणूस प्राण सोडेल, जमीन सोडणार नाही. सदूनानांनी बांधापर्यंत वेली नेल्या. ज्यांनी ज्यांनी जागा सोडा म्हणून सांगितलं त्यांना ते विचारायचे, "आन् तिथं काय गवात लावू?" वेली मोठ्या झाल्या, मांडव भरला, आणि मग फवारणीसाठी त्यांनी ही जीप घेतली. पुढची काच खाली पाडली की जीप मांडवाखालून जायची. मागं औषधाच्या टाकीची ट्रॉली आणि पंप. एका ओळीतून जायचं, टोकाला वळायचं आणि चार ओळी सोडून परत यायचं. ट्रॉली लावलेली असताना मागं घेणं सदूनानांना जमत नव्हतं. एकदा प्रयत्न केला, तेव्हा ट्रॉली भलतीकडंच वळली, टोकाचा खांब पडला आणि ताणाच्या तारेसकट अर्धा मांडव त्यांच्या डोक्यावर आला. त्यामुळं वळायचं ते एका दमातच. आणि एका दमात वळलं की जीपचं नाक बांध ओलांडून पलीकडच्या कांद्यात जायचं. फोर व्हील असल्यानं बांध चढल्याचं तिला कळतसुद्धा नसे.

कांदा धोंडीभाऊंचा होता. धोंडीभाऊ म्हणजे सदूनानांचे सख्खे चुलतभाऊ, आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

मी दुसऱ्या दिवशी जागा बघायला बोरीला गेलो. सदूनाना फवारत होते. जीप ओळीतून बाहेर आली, वळली, बांध चढली आणि पुढची दोन्ही चाकं पलीकडं उतरली. तिकडं एका बोराच्या झाडाखाली धोतर-टोपीतले एक गृहस्थ बसले होते. ते ताडकन उठले.

"आला! आला कांद्यात!"

सदूनानांनी आधी पंप बंद केला, मग इंजिन बंद केलं, मग टोपी नीट केली आणि म्हणाले, "आलो तर आलो! सोन्याचा हाय का तुझा कांदा?"

आणि सुरू झालं. कांद्यावरून ते बांधावर आले, बांधावरून वाटणीवर, वाटणीतून दोघांच्या आज्याच्या एका मारक्या बैलावर. तिथून मधेच बाजारभाव निघाला. धोंडीभाऊ ओरडले, "कांदा काय भावानं ग्येला म्हाईत हाय का तुला?" सदूनाना ओरडले, "म्हाईत हाय म्हनूनच सांगतो, आत्ताच इकू नगंस, चार दिस थांब, गाढवा!" आवाज दोघांचाही गावापर्यंत जात असेल, पण घाई कुणालाच दिसत नव्हती.

नानांच्या कारभारीण इंदूबाई माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बसा पावणं. च्या व्हईस्तोवर चालायचं ह्यांचं."

"एवढं भांडण्यापेक्षा एकदा बसून मिटवत का नाहीत?"

"बसून मिटवाया बोलणं तर पायजे. आमच्या जुन्या घराम्होरं दगडी डोणी हाय, जनावरं पाणी प्यायची ती. वाटणीत ती कुनाकडं यावी ह्यावरनं दोगांचं बिनसलं. तवापास्नं बोलणं बंद."

"मग हे काय चाललंय?"

"ह्ये भांडाण हाय," इंदूबाई म्हणाल्या. "भांडणाला बोलणं धरत न्हाईत." लग्नाकार्यात दोघं शेजारी आले तर एकमेकांकडं पाठ करून बसतात आणि जेवून उठेपर्यंत तोंड उघडत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. मी हसलो. बाई विनोद करताहेत असं मला वाटलं.

त्याच दिवशी धोंडीभाऊंनी शेवटचं सांगून टाकलं. त्यांनी ते मला सांगितलं, कारण सदूनानांना सांगायची सोय नव्हती. "मिस्त्री, गाडीवाल्याला सांगा. औंदा छाटणी झाल्यावर एक चाक जरी हिकडं आलं, तर बांधावर दगडी खांब पुरतो. मंग फिरवा म्हनावं."

खांब म्हणजे खेळ खलास. मग जीप वळवायला प्रत्येक ओळीच्या टोकाच्या वेली तोडून जागा करावी लागणार. त्या वेली इंदूबाईंनी लावलेल्या आणि एकेक घागर घालून जगवलेल्या. टोकाला ऊन चांगलं लागतं, त्यामुळं बागेतले सगळ्यात गोड घड तिथंच यायचे. इंदूबाईंनी नवऱ्याला माझ्यासमोर सांगितलं, "यील तोडायची तर आधी मला माह्येरी सोडा आन् मंग तोडा. आन् मला न्ह्याया येऊ नका." सदूनानांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते पाहून मी काम घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, मला आव्हानही वाटलं. जीप पळवणारे खूप होते. जागच्या जागी वळवणारा मीच.

जीप गॅरेजात आली. मी आधी स्टिअरिंगचा बॉक्स मधोमध आणला, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच वळेल. मग स्टॉप बोल्ट थोडा आत घेतला, क्रॉसला सोसेल तेवढाच. चाक जास्त वळायला लागलं तसा टायर पाट्याला घासू लागला, म्हणून चाक आणि ड्रमच्या मधे लोखंडी चकत्या टाकून चाकं बाहेर काढली. बंपरचे दोन्ही कान कापून नाक आखूड केलं. बाकी काय उरलं होतं म्हणाल तर नारळ फोडणं, तोही फोडला.

चाचणीला निम्मी बोरी जमली. धोंडीभाऊंनी स्वतः दोरी धरून बांधाच्या कडेनं फक्कीची पांढरी रेघ मारली. मारून झाल्यावर ते मला म्हणाले, "मिस्त्री, गाडीवाल्याला सांगा, फक्कीला चाक लागलं तर लागलं म्हनायचं." सदूनाना त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. तेही मलाच म्हणाले, "मिस्त्री, रेघवाल्याला सांगा, रेघ वाकडी हाय. पुना मार म्हनावं." धोंडीभाऊंनी मुकाट्यानं रेघ पुसली आणि पुन्हा मारली. मी मधे उभा होतो, पण सांगायचं काहीच शिल्लक नव्हतं.

जीप ओळीतून बाहेर आली. नानांनी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, आमच्या भाषेत पार तोडलं. जीप पूर्वीपेक्षा कितीतरी जवळून वळली, लोक "व्वा" म्हणाले, आणि बाहेरचं चाक रेघ पुसून हातभर पलीकडं गेलं. मग सगळे एकदम बोलले. कुणी म्हणालं हवा कमी करा, कुणी म्हणालं बांधाला पाणी सोडा म्हणजे चाक घसरून अलीकडं येईल. इंदूबाई टोकाच्या वेलीला हात लावून उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघवेना.

धोंडीभाऊ वाकून रेघ बघत होते. ते म्हणाले, "आता पावण्यांनी येवढं कष्ट घ्येतल्यात तर आजून यकदा बघू द्या त्यास्नी. खांब काय, कवाबी पुरता येत्यात." मला त्यांचा मोठेपणा वाटला. गावालाही वाटला.

परत येताना रस्त्याकडेच्या रानात एक ट्रॅक्टर नांगरत होता. बांधाशी आला की ड्रायव्हर एका बाजूचाच ब्रेक दाबायचा आणि ट्रॅक्टर त्या चाकावर गर्रकन फिरायचा. ट्रॅक्टरला मागच्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण ट्रॅक्टर हा माझा विषय नाही म्हणून मी इतकी वर्षं तिकडं नुसता बघत आलो होतो. त्या दिवशी मी मोटारसायकल थांबवली आणि तो शेतकरी अख्खं रान नांगरून होईपर्यंत बांधावर बसून राहिलो. तो मला दोनदा विचारून गेला, "पावणं, कुनाची वाट बघताय?"

जीपचा पायाचा ब्रेक चारही चाकांना लागतो. तो मी तसाच ठेवला. भंगारातून दोन छोटे क्लच सिलिंडर आणले, सीटशेजारी दोन हातलिव्हर बसवले, आणि डावा लिव्हर फक्त मागच्या डाव्या चाकाला, उजवा उजव्याला, अशी पाइपची जोडणी केली. डावीकडं वळायचं असेल तर फोर व्हील काढून टू व्हीलवर यायचं, स्टिअरिंग तोडायचं आणि डावा लिव्हर ओढायचा. आतलं चाक जागेवर थांबतं आणि बाहेरचं सगळी गाडी फिरवून आणतं. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत मी पहिल्यांदा लिव्हर ओढला, तेव्हा जीप खळ्यात मधल्या तिवड्याभोवती बैल फिरावा तशी फिरली. मी एकटाच होतो तरी मोठ्यानं ओरडलो. आजही ते आठवलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

दुसऱ्या चाचणीला सगळी बोरी होती. फक्कीची रेघ होती. सदूनानांनी लिव्हर ओढला, जीप बांधाच्या अलीकडंच गर्रकन वळली, ट्रॉली तिच्या मागून गरीब गाईसारखी आली, आणि रेघेवरचा एक कणसुद्धा हलला नाही. लोकांनी मला उचललं. इंदूबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला, मला दोनदा. नाना जीपमधून उतरून आपल्याच टोपीनं डोळे पुसत होते. धोंडीभाऊ रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, सगळी रेघ नीट बघितली, खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि कुणाला काही न बोलता घरी गेले. हरल्यावर माणूस असाच जातो, असं मी गूळ खाता खाता म्हणालो.

"हे फक्त रानात वापरायचं, डांबरावर नाही," असं मी नानांना बजावलं होतं. त्यांनी ते पुढच्या बाजारापर्यंत पाळलं. बेल्ह्याला जाताना चार ओळखीचे लोक दिसले आणि त्यांचा हात लिव्हरवर गेला. जीप रस्त्यावरच भिंगरीसारखी फिरली आणि तोंड बोरीकडं करून थांबली. कुणाला लागलं नाही हे नशीब. लोक धावत आले तेव्हा सदूनाना शांतपणे म्हणाले, "घरी काय तरी इसारलं व्हतं." आणि खरंच घरी निघून गेले.

पुढं छाटणी झाली, थंडी पडली. द्राक्षाला तेव्हा एक दिवसाआड नाहीतर रोजच फवारणी असते. मी येईल त्याला माझ्या दोन लिव्हरांची गोष्ट सांगत होतो. अशात एके दिवशी दुधाच्या टेम्पोतून धोंडीभाऊ गॅरेजसमोर उतरले. एका पायाला घोट्याशी फडकं बांधलं होतं आणि तो पाय ते टेकवत नव्हते. मी खुर्ची दिली. बराच वेळ ते माझ्या पान्यांकडं बघत बसले.

"मिस्त्री, तुमी त्या गाडीला जे बसावलंय, ते काढता येतंय का?"

"येतं की. का, तुमच्या रानात आली का गाडी?"

"न्हाई ना," धोंडीभाऊ म्हणाले. "यायाचीच बंद झाली."

मला काही उमगेना. ते खाली बघत बोलत राहिले. "छाटणीपास्नं मी रोज झाडाखाली बसतोय. गाडी येती, वळती, जाती. त्यो मान वर करून बघत न्हाई, मी बघत न्हाई. चाक हिकडं आलंच न्हाई तर कशावरनं भांडू? उगं भांडाया मी काय येडा हाय?"

"मग साधं बोला की. 'काय नाना, बरंय का' म्हणा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी काही तरी अभद्रच बोललो. "बोलणं बंद हाय आमचं," ते म्हणाले. मग पायावरचं फडकं सारखं करत, "पोरं चाकणला कंपनीत. आमची मंडळी मागंच ग्येली. दिसभरात काय चार शब्द तोंडातनं निघायचं ते त्याच्यासंगंच, मिस्त्री. लई जीव तुटतो."

गाडी दुसऱ्याची, मालकाच्या सांगण्याशिवाय मी तिचा नटसुद्धा फिरवणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते त्यांना पटलं. "पर माझं नाव काडू नगा," एवढं म्हणून ते लंगडत टेम्पोच्या वाटेला लागले. दिवसभर मला काम सुचलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नेमकं काम, आणि त्यानं एका माणसाची वाचा गेली होती.

दुसऱ्या सकाळी मी बोरीला गेलो. ब्रेक तपासायला आलोय म्हणालो. इंदूबाईंनीच मला दारात गाठलं. "मिस्त्री, तुमचं लिव्हर लई ग्वाड चालतंय. पर ह्यांचं डोस्कं फिरलंय. पैलं बांधावर भांडून यायचं, घरी गुमान जेवायचं. आता भाकरी करपली का न्हाई ह्यावरनं माज्याशी अर्धा दिस भांडत्यात. मी काय बांध हाय?"

सदूनाना जीपपाशी होते. तोंड उतरलेलं. मी चाकाशी बसलो, ड्रमवर टिचक्या मारल्या, कान लावला, डॉक्टरसारखा गंभीर झालो. "नाना, ब्रेकचे लायनर झिजतायत. लिव्हर सारखाच ओढलात तर टिकायचे नाहीत." लायनर झिजतात हे खोटं नव्हतं. फक्त इतक्यात झिजत नाहीत.

नानांनी मान वर केली. "म्हंजी कवामवा न्हाई वढलं तर?"

"तर टिकतील."

"ह्ये तुमी सांगताय. मी न्हाई म्हनलं."

"मीच सांगतोय."

"इंदे!" नाना अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले, "ऐकलंस का, लिव्हर वढायचं न्हाई म्हनून मिस्त्री सांगत्यात! खुद्द मिस्त्री!" आणि माझा चहा व्हायच्या आत जीप मांडवाखाली शिरली.

मी बांधाकडं चालत गेलो. पलीकडं नुकतीच कांद्याची लागण झाली होती आणि धोंडीभाऊ बोराच्या झाडाखाली दुखरा पाय लांब करून बसले होते. जीप ओळीतून बाहेर आली. नानांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. जीप ऐसपैस वळली, बांध चढली, आणि पुढची दोन्ही चाकं कांद्यात उतरली.

धोंडीभाऊ बघतच राहिले. मग ते उठायला गेले, पाय धरेना, झाडाला धरून कसेबसे उभे राहिले आणि फाटक्या आवाजात ओरडले, "आला! आला कांद्यात!"

सदूनानांनी पंप बंद केला. इंजिन बंद केलं. टोपी नीट केली. "आलो तर आलो! आन् पायाला काय झालंय तुज्या?"

"तुला काय करायचंय माज्या पायाचं?"

"माज्या डोळ्याम्होरं लंगाडतोस, मला दिसत न्हाई व्हय? डाक्टरला दावला का?"

"डाक्टर काय बांधावर बसलाय? यष्टीत चढवत न्हाई मला!" कालच ते दुधाच्या टेम्पोतून आळेफाट्याला आले होते, पण त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं.

"मंग मला सांगायला तोंड ग्येलं व्हतं का तुजं?"

"कवा सांगू?" धोंडीभाऊंचा आवाज चिरकला. "छाटणीपास्नं यकदा तरी आली का तुजी गाडी माज्या रानात?"

सदूनाना खाली उतरले, ट्रॉलीची पिन उपसली, ट्रॉली तिथंच बांधावर सोडली आणि जीप तशीच कांद्यातून पुढं नेऊन बोराच्या झाडाखाली लावली. "बस," ते ओरडले. धोंडीभाऊ बसले. मी मागं चढलो. आळेफाट्याच्या दवाखान्यापर्यंत त्या मारक्या बैलापासून सगळे विषय झाले. दवाखान्याच्या पायऱ्या नानांनी त्यांना जवळजवळ उचलूनच चढवल्या. आत पाय बघता बघता डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, बरोबर कोण आलंय?"

धोंडीभाऊंनी सदूनानांचा दंड घट्ट धरला होता. "ह्यो माजा भाऊ हाय," ते म्हणाले. "आमचं बोलणं बंद हाय."